मोटार का तापते?

चुलीतला जाळ चुलीतच राहिला, तर भाकरी होते. तोच जाळ बाहेर आला, तर छप्पर पेटते. मोटारीच्या पोटातही एक चूल असते. तिला इंजिन म्हणतात. ही चूल पेटली म्हणजे मोटार चालते. पण चुलीची आच प्रमाणाबाहेर गेली, की मोटार जागच्या जागी बसते.

आपल्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत आता गावोगाव मोटारी आहेत. कोणी जीप भाड्याने चालवतो. कोणी टेंपोतून दूध नेतो. भिगवणची मासळी, इंदापूरकडची डाळिंबे, मळ्यातला भाजीपाला, सारे काही मोटारीतूनच बाजाराला जाते. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओ कंपनीचा कारखाना आहे. तेथे ‘आपे’ ही तीन चाकी गाडी तयार होते.

मोटारीशी या भागाचे नाते त्याहूनही जुने आहे. इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. १९४७ साली मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यातून तिच्या मोटारी बाहेर पडू लागल्या. पुढे याच कंपनीची ‘पद्मिनी’ मोटार मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून साऱ्या देशाला माहीत झाली. २०२३ साली मुंबईच्या रस्त्यावरून ती टॅक्सी निरोप घेऊन गेली.

मोटार पुष्कळांनी कर्ज काढून घेतलेली असते. इंजिन तापून बिघडले, तर कमाई थांबते. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. त्याहून वाईट म्हणजे, तापलेल्या गाडीचे झाकण घाईने उघडल्यामुळे माणसांचे हात-तोंड भाजते. म्हणून मोटार का तापते, ती उष्णता जाते कोठे, आणि आपण काय करावे, हे मालकाला, ड्रायव्हरला आणि घरच्या माणसांनाही ठाऊक असले पाहिजे.

उष्णता येते कोठून?

इंजिनात लोखंडाचे किंवा ॲल्युमिनियमचे पोकळ नळकांडे असते. त्यात एक दट्ट्या खालीवर होतो. त्याला पिस्टन म्हणतात. नळकांड्यात पेट्रोल किंवा डिझेल जळते. जळताना वायू एकदम फुगतो आणि दट्ट्याला खाली ढकलतो. त्या ढकलण्याने पुढे चाके फिरतात.

चार नळकांड्यांचे इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर एका मिनिटात असे ४,००० भडके उडतात. भडक्याच्या क्षणी आतल्या वायूचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. मग इंजिन वितळत का नाही? दोन कारणे आहेत. एक तर भडका फक्त क्षणभर असतो. दुसरे असे की नळकांड्याच्या बाहेरून सतत पाणी फिरत असते. ते उष्णता उचलून नेते. हे फिरणे थांबले, तर काही मिनिटांत घोटाळा होतो.

आता पैशाचा हिशेब पाहा. आपण एक रुपयाचे पेट्रोल जाळले असे समजा. त्यातले पंचवीस-तीस पैशांचेच काम होते. बाकीच्यातले साधारण निम्मे धुराबरोबर नळीतून बाहेर जाते. उरलेले निम्मे इंजिनाच्या अंगात मुरते. ही मुरलेली उष्णता बाहेर काढावीच लागते.

उष्णता बाहेर कशी जाते?

उष्णता तीन वाटांनी जाते. तिन्ही वाटा आपल्या घरात रोज दिसतात.

गरम चहात पळी ठेवली, की दांडा तापतो. उष्णता धातूतून सरकत गेली. याला वहन म्हणतात. पातेल्यात पाणी तापवले, की खालचे गरम पाणी वर येते आणि वरचे गार पाणी खाली जाते. याला अभिसरण म्हणतात. चुलीपासून हातभर दूर बसले तरी तोंडाला धग लागते. मधे धातू नाही, पाणी नाही, तरी धग येते. याला प्रारण म्हणतात. सूर्याचे ऊन आपल्यापर्यंत असेच येते.

मोटारीत या तिन्ही वाटा वापरलेल्या असतात. नळकांड्याच्या भिंतीतून उष्णता पाण्यात येते. एक पंप ते पाणी सतत फिरवतो. गरम पाणी पुढच्या जाळीत जाते. या जाळीला रेडिएटर म्हणतात. तीत बारीक नळ्या आणि पातळ पत्र्याच्या घड्या असतात. समोरून वारा येतो आणि घड्यांमधून पार होतो. पाणी गार होते आणि पुन्हा इंजिनाकडे जाते. गाडी उभी असली किंवा हळू चालली असली, की वारा मिळत नाही. तेव्हा मागचा पंखा वारा ओढतो.

बहुतेक मोटारसायकलींच्या इंजिनावर तुम्ही आडव्या पत्र्यांच्या चकत्या पाहिल्या असतील. तेथे पाणी नसते. वाराच थेट त्या चकत्यांवरून उष्णता नेतो. म्हणून तेथे चिखल साचू देऊ नये.

ही रेडिएटरची युक्ती पहिल्यापासून नव्हती. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी १८८६ साली आपल्या मोटारीचे पेटंट घेतले. त्या गाडीतले पाणी तापून वाफ होऊन उडून जाई. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात त्यांच्या पत्नी बेर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन त्या मोटारीने माहेरी निघाल्या. अंतर सुमारे १०० किलोमीटर होते. म्हणजे बारामतीहून पुण्याला जावे तेवढे. वाटेत त्यांना ठिकठिकाणी थांबून पाणी भरावे लागले. तेलाची नळी तुंबली, तेव्हा या बाईंनी टोपीच्या पिनेने ती मोकळी केली. त्या सुखरूप माहेरी पोचल्या. त्या वेळी इतक्या दूर मोटारीने कोणीच गेले नव्हते. पुढे १९०० च्या सुमारास विल्हेल्म मायबाख या कारागिराने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात ८,००० हून जास्त बारीक नळ्या होत्या. तेव्हापासून पाणी उडून जाईनासे झाले. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरू लागले.

बॉनेटखालची गादी

इंजिनावरचे पत्र्याचे झाकण म्हणजे बॉनेट. काही गाड्यांच्या बॉनेटला आतून काळी गादी चिकटवलेली असते. ती नमद्याची, काचेच्या धाग्यांची किंवा फोमची असते. कमी किमतीच्या पुष्कळ गाड्यांत ती नसते. तिच्याविषयी लोकांच्या मनात फार गैरसमज आहेत. एक म्हणतो, गादीमुळे इंजिन गार राहते. दुसरा म्हणतो, गादीमुळेच इंजिन तापते.

खरे काय ते घोंगडीवरून समजेल. आपल्याकडचे धनगर बांधव थंडीत घोंगडी पांघरतात. घोंगडी ऊब तयार करत नाही. ऊब आपल्या अंगातली असते. घोंगडी ती बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. लोकरीच्या धाग्यांमध्ये हवा अडकून राहते. अडकलेल्या हवेतून उष्णता फार हळू जाते. बर्फाची लादी भुशात आणि पोत्यात गुंडाळतात, तेही यासाठीच. तेथे बाहेरची उष्णता आत येऊ द्यायची नसते. दुधाच्या टँकरला दोन भिंती असतात आणि मधे अशीच गादी भरलेली असते. म्हणून गार केलेले दूध पुण्या-मुंबईपर्यंत गारच राहते.

म्हणजे गादीला गरम-गार काही कळत नाही. ती फक्त उष्णतेची वाट अडवते. बॉनेटची गादी वरच्या पत्र्याची वाट अडवते. तिच्यामुळे पत्रा कमी तापतो आणि त्याचा रंग टिकतो. इंजिनाचा आवाजही ती बराच शोषून घेते. पण इंजिनाची मुख्य उष्णता बॉनेटच्या पत्र्यातून जातच नाही. ती जाते रेडिएटरमधून आणि धुराच्या नळीतून. म्हणून गादी असली काय आणि नसली काय, इंजिनाच्या पाण्याच्या तापमानात फारसा फरक पडत नाही.

समजा, इंदापूरच्या एखाद्या गॅरेजमध्ये दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर आला आहे. तेथले बोलणे साधारण असे होईल.

“मिस्त्री, बॉनेटची गादी उंदरानं पार कुरतडली बगा. तवापास्नं गाडी तापाय लागलीया. नवी गादी टाका.”

“दादा, गादीचा आन् गाडी तापायचा काय संबंध न्हाई. तुमची रोजची वाट कंची?”

“कारखान्याच्या रस्त्यानं. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागनंच जावं लागतंय.”

“मग हिकडं या. ही जाळी बगा. ह्यो रेडिएटर हाय का कडब्याची पेंढी? सगळं पाचट आन् धूळ बसलीया. वारा शिरंल कुठनं?”

“आयला, हे कधी बगितलंच न्हाई. मग ही गादी काढून फेकू का?”

“चांगली असती तर राहू दिली असती. पर आता फाटून लोंबतीया. खाली धुराची नळी लाल व्हायची येळ येती. तिला गादी टेकली तर पेट घ्यायची. हिच्यावर तेलबी सांडलंय. आज काढून टाका. पैसं जमलं की गाडीला मिळती ती अस्सल गादी बसवू.”

“तवर घरचं गोणपाट शिवून लावलं तर?”

“आजाबात न्हाई. गोणपाट पेटतंय. थर्माकोल तर वितळतंय आन् जळतंय. त्यापरास गादी नसलेली बरी.”

मिस्त्रीचे म्हणणे बरोबर आहे. उसाच्या भागात उंदीर फार. थंडीत त्यांना बॉनेटखाली ऊब मिळते आणि घरट्याला गादीचा कापूस मिळतो. गादीबरोबर ते विजेच्या ताराही कुरतडतात. उघड्या तारेची ठिणगी आणि तेलकट गादी एकत्र आली, की आग लागायला वेळ लागत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून आत नजर टाकावी. थंडीच्या दिवसांत सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारावी. आत मांजर झोपलेले असेल तर ते निघून जाईल.

बॉनेटखाली गादीखेरीज पातळ पत्र्याच्या ढालीही असतात. त्या धुराच्या नळीजवळ बसवलेल्या असतात. नळीची धग तारांना, रबरी नळ्यांना आणि गाडीच्या तळाला लागू नये, हे त्यांचे काम. त्या सैल झाल्या की खडखड वाजतात. मग काही जण आवाज नको म्हणून त्या काढून टाकतात. तसे करू नये. ढाल आवळून घ्यावी.

धुराची नळी गाडीखालून मागे जाते. ती आणि तिच्यातला धूर स्वच्छ करणारा डबा कित्येकशे अंश तापतो. म्हणून वाळलेल्या पाचटावर, गवतावर किंवा कडब्यावर तापलेली गाडी कधीही उभी करू नये. खालून पाचट पेटले, तर गाडीही जाते आणि शेजारचा ऊसही जातो.

इंजिन फार गारही नको

येथे कोणी विचारील, उष्णता एवढी वाईट, तर इंजिन अगदी गार का ठेवू नये? पण तसेही चालत नाही. गार इंजिनात तेल घट्ट असते. ते सगळ्या भागांत लवकर पोचत नाही. भाग एकमेकांवर घासतात. पेट्रोलही जास्त लागते. इंजिनातले पाणी साधारण ९० अंशांच्या आसपास असले, म्हणजे इंजिन नीट चालते. अति तेथे माती म्हणतात, ते दोन्ही बाजूंनी खरे आहे.

हे तापमान राखायला इंजिनात एक छोटी झडप असते. तिला थर्मोस्टॅट म्हणतात. झडपेत मेण असते. पाणी गार असते तेव्हा झडप बंद राहते. पाणी रेडिएटरकडे जात नाही आणि इंजिन लवकर तापते. पाणी ८०-९० अंशांच्या घरात गेले, की मेण वितळून फुगते आणि झडप उघडते. मग पाणी रेडिएटरकडे धावते. शेतातल्या दाऱ्यावर बसून पाणी फोडणारा माणूस जे काम करतो, तेच काम ही झडप आपोआप करते.

काही ठिकाणी उन्हाळ्यात ही झडप काढून टाकतात. गाडी तापत नाही, असे त्यांना वाटते. पण मग इंजिनाला हवी ती ऊब वेळेवर मिळत नाही. पेट्रोल-डिझेल जास्त जळते आणि इंजिन लवकर झिजते. झडप बिघडली असेल तर नवी बसवावी.

रशिया आणि कॅनडा या देशांत हिवाळ्यात पारा शून्याखाली ३० अंशांपर्यंत उतरतो. तेथे काही लोक बॉनेटखाली इंजिनावर जाड पांघरूण घालतात. काही जण रात्री विजेची शेगडी लावून इंजिन उबदार ठेवतात. त्यांना ते लागते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो. एवढ्या थंडीत पांघरुणाची गरज नाही. गाडी सुरू करावी, अर्धा-एक मिनिट थांबावे आणि हळू चालवत न्यावी. पाच-दहा मिनिटांत इंजिन आपोआप तापते.

आपली अडचण आहे ती उन्हाळ्याची. त्याचे एक सोपे गणित आहे. इंजिनातले पाणी ९० अंश आहे. थंडीतल्या सकाळी बाहेरची हवा १५ अंश आहे. फरक झाला ७५ अंशांचा. एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी हवा ४० अंश असते. फरक उरला ५० अंशांचा. फरक जितका कमी, तितकी उष्णता कमी बाहेर जाते. म्हणजे तोच रेडिएटर, तोच वारा, पण उन्हाळ्यात त्याचे काम एक तृतीयांशाने कमी होते. थंडीत झाकून राहिलेला दोष उन्हाळ्यात उघडा पडतो, तो यामुळे.

गाडी तापण्याची कारणे

आपल्या भागात गाडी तापण्याची कारणे बहुधा ही असतात.

पहिले कारण जाळी तुंबणे. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, की रस्त्यावर पाचट आणि धूळ उडते. ती रेडिएटरच्या घड्यांत अडकते. इंजिन गार असताना जाळी मऊ ब्रशने आणि पाण्याच्या हलक्या धारेने धुवावी. जोराच्या धारेने पातळ घड्या वाकतात. मग वाऱ्याची वाट पुन्हा बंद होते.

दुसरे कारण वाईट पाणी. कालव्याच्या बागायतीत पुष्कळ ठिकाणी विहिरीचे आणि बोअरचे पाणी जड आणि खारट झाले आहे. पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाला पांढरा थर बसतो ना? तसाच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. आत गंजही चढतो. म्हणून साधे पाणी न घालता कूलंट घालावे. कूलंट म्हणजे गंज रोखणारे आणि उशिरा उकळणारे रंगीत द्रव. ते तयार मिळते. घट्ट मिळाले, तर बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात गाडीच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे मिसळावे. पुस्तकात दिलेल्या मुदतीत बदलावे. एक जपावे. कूलंट चवीला गोडसर पण विषारी असते. ते मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाती लागू देऊ नये. थंड पेयाच्या बाटलीत तर कधीच भरून ठेवू नये.

तिसरे कारण गळती. रबरी नळी चिरते, जोड सैल होतो, पंपातून पाणी ठिबकते. सकाळी गाडीखाली ओला डाग दिसला, तर दुर्लक्ष करू नये.

चौथे कारण पंखा बंद पडणे. याची खूण सोपी आहे. मोकळ्या रस्त्यावर गाडी ठीक असते आणि बाजारात उभी राहिली की तापते. आषाढात तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी या वाटेने इंदापूरला जाते. त्या गर्दीत गाड्या तासन्तास मुंगीच्या पावलाने चालतात. अशा वेळी सारी भिस्त पंख्यावर असते.

पाचवे कारण जादा ओझे. पुण्याहून सासवडमार्गे बारामतीला येताना दिवेघाट चढावा लागतो. गाडी माणसांनी भरलेली, वर सामान, वेग कमी, आणि आत गार हवेचे यंत्र चालू. त्या यंत्राची जाळी रेडिएटरच्याच पुढे असते. तीही आपली उष्णता रेडिएटरवर फेकते. अशा चढाला हे यंत्र थोडा वेळ बंद ठेवले, तर इंजिनाला हायसे वाटते.

काटा वर गेला तर

ड्रायव्हरच्या समोर एक काटा असतो. त्याच्या एका टोकाला चंद्रकोरीसारखे इंग्रजी अक्षर असते. ते ‘सी’. त्याचा अर्थ गार. दुसऱ्या टोकाला दोन खांब आणि मधे आडवी तुळई असे अक्षर असते. ते ‘एच’. त्याचा अर्थ गरम. काटा मधे असावा. काही नव्या गाड्यांत काटा नसतो, दिवा असतो. निळा दिवा म्हणजे इंजिन अजून गार आहे. लाल दिवा म्हणजे फार तापले, थांबा.

काटा वर चढू लागला, तर आधी गार हवेचे यंत्र बंद करावे. खिडक्या उघडाव्यात. गाडीत गरम हवेचा हीटर असेल तर तो पुरा चालू करावा. उन्हाळ्यात हे विचित्र वाटेल. पण हीटर म्हणजे आतला छोटा रेडिएटरच. तो इंजिनाची थोडी उष्णता ओढून घेतो. मग सुरक्षित जागा पाहून गाडी कडेला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. ‘आलेच गाव, एवढे दोन किलोमीटर जाऊ’ असे म्हणू नये. त्या दोन किलोमीटरांत इंजिनाचे हेड वाकते, गॅस्किट जळते, पिस्टन जाम होतो. मग खर्च हजारांत जातो.

बॉनेटमधून वाफ येत असेल, तर ती थांबेपर्यंत बॉनेट उघडू नये. जळका वास किंवा धूर येत असेल, तर सगळ्यांना गाडीपासून दूर न्यावे. बॉनेट उघडल्यावर पंख्याजवळ हात नेऊ नये. किल्ली काढली तरी काही गाड्यांचा पंखा अचानक फिरू लागतो. पदर, उपरणे आणि सैल बाही जपावी.

रेडिएटरचे झाकण तापलेले असताना उघडू नये. हे पुन्हा सांगतो. तापलेले झाकण उघडू नये. याचे कारण स्वयंपाकघरात आहे. कुकरमध्ये वाफ कोंडलेली असते, म्हणून पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही जोरात उकळत नाही. रेडिएटरचे झाकणही तसेच दाब धरून ठेवते. त्या दाबाखाली आतले पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. बारामती समुद्रापासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. येथे उघड्यावर पाणी ९८ अंशांनाच उकळते. आता १०० च्या वर तापलेल्या पाण्यावरचे झाकण काढले तर काय होईल? दाब एकदम जाईल आणि पाणी त्याच क्षणी उकळून उसळेल. पाण्याची वाफ झाली, की ती १,६०० पटींहून जास्त जागा मागते. ती जागा तिला मिळते झाकण उघडणाऱ्याच्या तोंडावर. शिटी न काढता कुकर उघडणारी बाई कोणी पाहिली आहे का? मग ड्रायव्हरने तरी तसे का करावे?

म्हणून निदान अर्धा तास थांबावे. वरची रबरी नळी हाताला गार लागली, म्हणजे जाड फडके ठेवून झाकण थोडे सैल करावे. फुस्स आवाज थांबल्यावरच पुरे काढावे. आधी शेजारच्या पारदर्शक बाटलीतली खूण पाहावी. द्रव खालच्या रेघेच्या खाली असेल, तर भर घालावी. अडीअडचणीला कूलंट नसेल तर स्वच्छ पाणी चालते. पण तापलेल्या इंजिनात किंवा इंजिनावर गार पाणी ओतू नये. तापल्या तव्यावर पाणी टाकले की तो चरकतो. तसे इंजिनाला तडे जातात.

भाजले तर

इतके जपूनही कोणी भाजले, तर जागेवर स्वच्छ गार पाणी निदान २० मिनिटे ओतत राहावे. अंगठी, बांगडी, घड्याळ लगेच काढावे. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नये. शाई, तूप, हळद, टूथपेस्ट किंवा बर्फ लावू नये. फोड फोडू नयेत. स्वच्छ कापड सैल झाकून दवाखान्यात न्यावे. तोंड किंवा डोळे भाजले असतील, तर पाणी ओततच तातडीने न्यावे.

गादी नवी आणायची की नाही, हे सवडीने ठरवता येईल. त्याआधी जाळी, कूलंट, पंखा आणि काटा, या चार गोष्टींकडे रोज नजर असू द्या. त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि पैसा तर मुळीच लागत नाही.

वाचा आणि सांगा

१. घोंगडी स्वतः ऊब तयार करते काय? मग थंडी का वाजत नाही?

२. बॉनेटच्या गादीची दोन कामे कोणती?

३. तोच रेडिएटर उन्हाळ्यात कमी काम का करतो?

४. तापलेल्या रेडिएटरचे झाकण आणि शिटी न काढलेला कुकर यांत सारखेपणा कोणता?

५. तुमच्या घरी किंवा शेजारी मोटार असेल, तर तिची जाळी पाहा. तीत काय काय अडकले आहे?